दरयादीतून दर काढणारी सूत्रं: एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस, इतवारीच्या गल्ल्यावरून पाहिलेली

नागपूरच्या इतवारीतलं किराणा दुकान असो, गांधीबागेतलं कापडाचं असो की वाडीतलं ट्रान्सपोर्टचं गोदाम, संगणकावरचं रोजचं काम फिरून फिरून एकच असतं. एका शीटमध्ये मालाचं नाव किंवा कोड टाकला की दुसऱ्या शीटमधल्या दरयादीतून त्याचा दर, जीएसटी आणि एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा क्रमांक) आपोआप यायला हवा. हे काम लुकअप सूत्रं करतात, आणि ती एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क या तिन्हींत आहेत. तिन्हींना इथे एकच कसोटी लावली आहे: चूक झाली की सूत्र ती सांगतं का, की गुपचूप दुसऱ्याच मालाचा दर देऊन मोकळं होतं? रकान्यात 'एनए' (म्हणजे 'सापडलं नाही' ही एरर) दिसलं तर माणूस थांबतो, यादी तपासतो. चुकीचा पण खरा वाटणारा दर दिसला तर बिल गिऱ्हाइकाच्या हातात जातं आणि महिनाअखेरीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

सूत्रं इथे तोंडी सांगतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा, अक्षरं आणि अंक दोन्हींसाठी.

सुरुवात व्हीलुकअपपासूनच करावी लागते, कारण जुन्या फायलींत तेच भरलेलं आहे. एक्सेलच्या १९८५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून ते आहे आणि तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये सारखंच चालतं:

=व्हीलुकअप(ए२, दर!$ए$२:$डी$५००, ३, ०)

ए२ मधला कोड दरयादीच्या पहिल्या कॉलममध्ये शोधायचा, सापडला की त्याच ओळीतला तिसरा कॉलम द्यायचा. शेवटचा ० म्हणजे 'तंतोतंत जुळलं तरच दे'. सगळा धोका या शेवटच्या शून्यात आहे. ते लिहायचं राहिलं तर सूत्र चालतं, पण 'जवळचं चालेल' या पद्धतीनं. यादीत १०१, १०५, ११०, १२० असे कोड आहेत आणि बिलात चुकून १०७ टाकला, तर १०७ नावाचा मालच नसताना १०५ चा दर येऊन बसतो. यादी चढत्या क्रमानं लावलेली नसेल तर आणखी बिघडतं: यादीत असलेल्या कोडचाही भलताच दर येऊ शकतो, कारण 'जवळचं' शोधताना सूत्र यादी क्रमानं आहे असं धरून अर्धी अर्धी टाकत जातं. एरवी इतकं कामाचं सूत्र न सांगता असा पर्याय धरतं, हा व्हीलुकअपचा सगळ्यात मोठा दोष आहे, आणि तो तिन्हीकडे आहे.

दुसरा दोष त्या ३ मध्ये. तो आकडा हातानं लिहिलेला असतो. उद्या कुणी दरयादीत नाव आणि दर यांच्यामध्ये 'एमआरपी'चा नवा कॉलम घातला, की तिसरा कॉलम एमआरपी होतो आणि सगळ्या बिलांत दराच्या जागी एमआरपी येते. कुठेही एरर नाही. उलट कॉलम काढून टाकला आणि यादी सूत्रातल्या आकड्यापेक्षा अरुंद झाली तर 'रेफ' एरर येते (सांगितलेली जागाच सापडत नाही), म्हणजे निदान कळतं तरी. व्हीलुकअप ठेवायचंच असेल तर ३ च्या जागी मॅच(“दर”, दर!$ए$१:$डी$१, ०) लिहा. मग ते मथळा वाचून कॉलम शोधतं आणि मधे काहीही घातलं तरी चुकत नाही.

तिसरी गोष्ट डॉलरच्या खुणांची. दर!ए२:डी५०० असं मोकळं लिहून सूत्र खाली ओढलं की दुसऱ्या ओळीत ते ए३:डी५०१ होतं, पन्नासाव्या ओळीत ए५१:डी५४९. यादीच्या वरच्या भागातला माल एकेक करून शोधाच्या बाहेर पडतो. लक्षण ओळखीचं: वरच्या बिलात चिन्नोर तांदूळ सापडतो, खालच्या बिलात तोच चिन्नोर 'एनए' दाखवतो. पत्ता निवडून एफ४ दाबा (बऱ्याच लॅपटॉपवर एफएन धरून एफ४), डॉलर लागतात. एक्सेलमध्ये त्याहून बरं म्हणजे दरयादीवर उभं राहून कंट्रोल-टी दाबा आणि तिचं टेबल करून टाका. खाली नवा माल जोडला की टेबल स्वतः वाढतं, सूत्रात ५०० चं ६०० करत बसावं लागत नाही.

आता एक्सलुकअप. मायक्रोसॉफ्टनं ते २०१९ मध्ये जाहीर केलं. मायक्रोसॉफ्ट ३६५, एक्सेल २०२१, एक्सेल २०२४ आणि ब्राउझरमधल्या मोफत एक्सेलमध्ये ते आहे. गूगल शीट्समध्ये २०२२ साली आलं, लिब्रेऑफिसमध्ये ऑगस्ट २०२४ च्या २४.८ आवृत्तीत. एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये ते नाही आणि येणारही नाही, कारण त्या दोन्ही आवृत्त्यांचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

=एक्सलुकअप(ए२, दर!ए:ए, दर!सी:सी, “यादीत नाही”)

शोधायचा कॉलम वेगळा, उत्तराचा कॉलम वेगळा. आकडा मोजायचा नाही, त्यामुळे मधे कॉलम घातला तरी सूत्र आपली जागा सोडत नाही. उत्तराचा कॉलम डावीकडे असला तरी चालतो, व्हीलुकअपला ते एकट्यानं जमत नाही. काही सांगितलं नाही तर ते तंतोतंतच शोधतं. आणि चौथ्या जागेवर 'सापडलं नाही तर काय लिहायचं' तेही सांगता येतं. कसोटीवर ते व्हीलुकअपच्या कितीतरी पुढे आहे आणि नवी फाइल बनवताना दुसरं काही वापरायचं कारण उरत नाही, एक अपवाद सोडून. तो पुढे येतो.

ताडपत्रीवाल्यांनी आणि प्लायवूडवाल्यांनी एक फरक मुद्दाम लक्षात ठेवावा. माप १२*१५ असं लिहायची पद्धत आहे. व्हीलुकअप मजकूर तंतोतंत शोधतानाही चांदणीचा अर्थ 'मधे काहीही' असा घेतं. यादीत १२*११५ वर असेल आणि १२*१५ खाली, तर १२*१५ शोधल्यावर वरची ओळ सापडते आणि तिचाच दर येतो. एक्सलुकअप चांदणीला साधी चांदणी समजतं, पाचव्या जागी २ लिहून मुद्दाम सांगितलं तरच 'काहीही' म्हणून वापरतं. व्हीलुकअपमध्येच राहायचं तर चांदणीच्या आधी टिल्ड (~) लावावा लागतो, नाहीतर मापात इंग्रजी एक्स लिहावा. (१२-१५ असं लिहू नका, त्याची तारीख होऊन बसते.)

एक्सलुकअपची सहावी जागा संत्रा बाजारासाठीच केल्यासारखी आहे. कळमन्यात दर रोज बदलतो, आणि दराची वही म्हणजे तारखेवार खाली वाढत जाणारी यादी: तारीख, बहार (आंबिया की मृग), प्रत, टनाचा दर. साधं लुकअप वरून खाली शोधतं आणि पहिलं सापडलेलं देतं, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीचा शिळा दर. हवा असतो शेवटचा:

=एक्सलुकअप(“आंबिया”, वही!बी:बी, वही!डी:डी, “दर नाही”, ०, -१)

-१ म्हणजे खालून वर शोध. मात्र 'शेवटचा' म्हणजे सगळ्यात खालच्या ओळीतला, सगळ्यात अलीकडच्या तारखेचा असेलच असं नाही. कालची राहिलेली नोंद आज खाली घातली की तोच दर येणार, म्हणून वही तारखेप्रमाणे लावून ठेवा. जुन्या एक्सेलमध्ये हेच काम =लुकअप(२, १/(बी२:बी२०००=“आंबिया”), डी२:डी२०००) असं होतं. जिथे नाव जुळतं तिथे १, जिथे जुळत नाही तिथे शून्यानं भागाकाराची एरर. लुकअप एरर ओलांडून २ शोधत जातं, २ कुठेच मिळत नाही, म्हणून शेवटच्या १ वर थांबतं. पूर्ण कॉलम मात्र देऊ नका, फाइल रेंगाळते.

अपवाद आता. तुमची फाइल तुमच्याच संगणकावर राहत नाही. ती सीएकडे जाते, बुटीबोरीच्या कारखान्याच्या खरेदी विभागाकडे जाते, आणि तिथे एक्सेल २०१६ असलं तर एक्सलुकअपच्या रकान्यात आधी जुनंच उत्तर दिसत राहतं, कुणी रकान्यावर जाऊन एंटर मारला की 'नेम' एरर. बाहेर जाणाऱ्या फायलींसाठी इंडेक्स आणि मॅचची जोडी घ्या:

=इंडेक्स(दर!$सी$२:$सी$५००, मॅच(ए२, दर!$ए$२:$ए$५००, ०))

ही कुठल्याही आवृत्तीत चालते, डावीकडचंही देते, कॉलम घातल्यानं बिघडत नाही. दोन अटी: मॅचच्या शेवटी ० हवाच (तो राहिला तर इथेही 'जवळचं' शोधलं जातं), आणि दोन्ही पट्टे एकाच ओळीपासून सुरू व्हायला हवेत. एक २ पासून आणि एक ३ पासून असेल तर प्रत्येक मालाला वरच्या किंवा खालच्या मालाचा दर लागतो. पाठवायचीच असेल फक्त पाहण्यासाठी, तर कॉपी करून 'पेस्ट स्पेशल'मधून नुसती व्हॅल्यू चिकटवा, सूत्राचा प्रश्नच राहत नाही.

'जवळचं' शोधणं वाईटच असं नाही. टप्प्यांच्या दराला तेच लागतं. भाड्याचा तक्ता समजा असा आहे: ० किलोपासून ६ रुपये, ५१ पासून ५, १०१ पासून ४.५०, ५०१ पासून ४. इथे शेवटी १ लिहायचा (एक्सलुकअपमध्ये पाचव्या जागी -१), तक्ता चढत्या क्रमानं ठेवायचा आणि पहिली ओळ ० चीच हवी, नाहीतर हलक्या पार्सलला 'एनए' येतं. काट्यावर ५०.५ किलो आलं की ते ५१ पेक्षा कमी म्हणून ६ रुपयांच्या टप्प्यात पडतं. तुमच्या करारात '५० पर्यंत' असेल आणि वजनं दशांशात येत असतील, तर तक्त्यात ५१ च्या जागी ५०.०१ लिहा.

सूत्र बरोबर, माल यादीत डोळ्यांसमोर, तरी 'एनए', ही तक्रार सगळ्यात जास्त असते. कारण बहुतेक वेळा एकच: एकीकडे आकडा आहे, दुसरीकडे आकड्यासारखा दिसणारा मजकूर. नागपूरचा माल मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणात जातो, म्हणून बिलावर राज्य पाहून आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवर) की सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवर) ते ठरवावं लागतं. जीएसटी क्रमांकाचे १५ पैकी पहिले दोन अंक राज्याचे: २७ महाराष्ट्र, २३ मध्य प्रदेश, २२ छत्तीसगड, ३६ तेलंगणा. ते लेफ्ट(बी२, २) नं काढले आणि राज्यांच्या तक्त्यात शोधले की 'एनए' येतं. लेफ्ट नेहमी मजकूर देतं, तक्त्यात २७ हा आकडा असतो, आणि एक्सेल असो की शीट्स, दोघांच्या लेखी ते वेगळे. लेफ्टला १ नं गुणलं की तात्पुरतं भागतं. पण दिल्लीचा ०७ आणि उत्तर प्रदेशचा ०९ हे कोड शून्यानं सुरू होतात, म्हणून तक्ताच मजकुरात ठेवणं चांगलं: आधी कॉलमचं फॉरमॅट 'टेक्स्ट' करा, मग कोड टाइप करा. आधी टाइप करून नंतर फॉरमॅट बदलला तर दिसतो मजकूर आणि राहतो आकडाच, रकाना पुन्हा भरेपर्यंत.

एचएसएनचं तेच. संत्री ०८०५, सुकी मिरची ०९०४, हळद ०९१०. आकडा म्हणून टाकले की पुढचं शून्य जातं आणि ८०५ उरतं. सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तरी हेच होतं. ती डेटा टॅबमधून आणा आणि त्या कॉलमला 'टेक्स्ट' सांगा.

दुसरं कारण अदृश्य मोकळ्या जागा. नावाच्या पुढे-मागे साधी स्पेस असेल तर ट्रिम ती काढतं. वेबपेजवरून चिकटवलेल्या यादीत मात्र न तुटणारी स्पेस येते, तिला ट्रिम हात लावत नाही. ती सब्स्टिट्यूट(ए२, कॅर(१६०), “”) नं काढावी लागते (कॅर म्हणजे सी-एच-ए-आर). आणि मधली स्पेस? 'जय श्रीराम' तांदूळ कुणी दोन शब्दांत लिहितं, कुणी 'जयश्रीराम' एका शब्दात. सूत्रासाठी हे दोन वेगळे माल आहेत आणि तसंच असायला हवं.

मराठीत नावं लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल इंग्रजी मदतपानांवर सहसा काही सापडत नाही. बियाण्याच्या दुकानाच्या यादीत 'पऱ्हाटी' आहे. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड एका वेगळ्या अक्षरानं लिहितात, काही साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडणारा जोडून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. एलईएन लावून मोजा, एक ७ भरतो आणि दुसरा ८. मोबाइलवरून भरलेली नावं आणि संगणकावर बनवलेली यादी यांत हा फरक पडतो. जुन्या फाँटमधल्या याद्यांचं तर विचारूच नका: फाँट बदलला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, म्हणजे आत मराठी नाहीच. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. या सगळ्यावर एकच खात्रीचा उपाय: शोध नावावर ठेवू नका. प्रत्येक मालाला छोटा कोड द्या, त्यावर लुकअप लावा, नाव नुसतं दाखवायला. कोड पाठ नसतील तर बिलाच्या रकान्यावर डेटा व्हॅलिडेशनमधून यादीचा ड्रॉपडाउन लावा. टाइप करायचंच नसेल तर चुकायचं काय?

आणि एक सवय मोडाच. 'एनए' दिसायला वाईट दिसतं म्हणून सूत्राभोवती इफएरर(…, ०) गुंडाळलेलं असतं. मग यादीत नसलेल्या मालाचा दर ० येतो, बेरीज बिनतक्रार होते आणि भिवापुरी मिरचीचं पोतं फुकट जातं. शिवाय सूत्रातली स्पेलिंगची चूक, उडालेला कॉलम, सगळंच त्या शून्याखाली झाकलं जातं. इफएनए वापरा, ते फक्त 'सापडलं नाही' एवढंच पकडतं, आणि त्यातही आकडा न लिहिता “यादीत नाही” असा मजकूर लिहा. पुढच्या गुणाकारात तो एरर देईल, तेच हवं आहे. एक्सेलमध्ये दरयादीतला दर रिकामा राहिला असेल तरीही लुकअप ० देतं, ते वेगळं तपासा.

आता तिघांपैकी कोण. बिलं, साठा, जीएसटीची जुळवणी एकाच संगणकावर होत असेल तर एक्सेल २०२१ किंवा त्यापुढचं. एका शीटला १०,४८,५७६ ओळी मिळतात, टेबलची सोय सगळ्यांत चांगली, रकान्याच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण मजकुरातला आकडाही दाखवून देतो. २०२१ चा आधार १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो, म्हणून आज विकत घ्यायचं तर २०२४.

दुकान इतवारीत आणि गोदाम वाडीत असेल तर गूगल शीट्सला तोड नाही. दरयादी एकच, दोन्हीकडून तीच दिसते, मोबाइलवरही. दरयादी वेगळ्या फाइलमध्ये असेल तर इम्पोर्टरेंजनं आणता येते. पहिल्यांदा 'रेफ' येतं, त्यावर जाऊन परवानगीचं बटण दाबलं की चालू होतं. प्रत्येक बिलाच्या सूत्रात इम्पोर्टरेंज घालू नका, एका वेगळ्या टॅबवर यादी एकदाच आणा आणि लुकअप त्या टॅबवर लावा, नाहीतर शीट सावकाश होते. मर्यादा १ कोटी रकान्यांची आहे, आणि रिकामे रकानेही त्यात धरले जातात. इंटरनेट गेल्यावर काम चालू हवं असेल तर क्रोम किंवा एजमध्ये ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवावी लागते.

लिब्रेऑफिस मोफत आहे, इंटरनेट लागत नाही, आणि २४.८ नंतर लुकअपच्या बाबतीत कुठे कमी पडत नाही. टूल्स, ऑप्शन्स, कॅल्क, कॅल्क्युलेट या पानावर दोन खुणा मात्र बघून घ्या. 'पूर्ण रकाना जुळला पाहिजे' ही खूण काढलेली असेल तर 'हळद' शोधताना 'हळद पावडर'ही जुळू शकते. आणि तिथे रेग्युलर एक्स्प्रेशन्स (चिन्हांना खास अर्थ देऊन शोधायची पद्धत) निवडलं असेल तर नावातला टिंब, कंस, अधिक चिन्ह यांचे अर्थ बदलतात, म्हणून वाइल्डकार्ड्सच (चांदणीसारख्या खुणा) ठेवा. हे फायलीसोबत साठवलं जातं, म्हणजे दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये वेगळं असू शकतं. शीटचं नाव आणि रकाना यांच्यात उद्गारचिन्हाऐवजी टिंब येतो, एवढं सवयीचं होईपर्यंत अडखळायला होतं.

कुठलंही घ्या, फाइल रोजच्या कामाला लावण्याआधी पाच मिनिटं खर्च करा. यादीतला पहिला कोड टाका, शेवटचा टाका, मग यादीत नसलेला. तिसऱ्याला 'यादीत नाही' आलंच पाहिजे, कुठलाही दर आला तर सूत्राच्या शेवटी ० आहे का ते बघा. सूत्र दोनशे ओळी खाली ओढून तिथे पुन्हा पहिला कोड टाका. शेवटी दरयादीत मधे एक रिकामा कॉलम घाला आणि बिलातला दर हलतो का पाहा. हलला, तर कंट्रोल-झेड दाबून कॉलम मागे घ्या आणि सूत्रातला तो ३ काढून टाका.